पंचेचाळिशी ओलांडलेला चष्मेवाला

चष्मेवाल्याच्या घरातले पुरुष पंचेचाळिशी पाहत नसत. आजोबा चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले, वडील त्रेचाळिसाव्या, आणि धाकटे काका तर चाळिशीच्या आतच. तिघांपैकी एकालाही अंथरूण माहीत नाही. आजोबा बागेत खड्डा खणत होते, वडील कपाट सरकवत होते, काका बस पकडायला धावत होते. "त्यांच्याकडची माणसं उभ्या उभ्या जातात," असं नातेवाइकांत बोललं जाई. कुणी म्हणे रागीट स्वभाव नडला, कुणी म्हणे त्या घराच्या पाण्यातच काहीतरी आहे. काका दुसऱ्या गावात दुसरंच पाणी प्यायचे, हे कुणी ध्यानात घेत नसे.

वडील गेले तेव्हा तो बारा वर्षांचा होता. माणसं सांत्वनाला येऊन गेली आणि त्यानं गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी केली. तेहतीस. त्यातलं एखाददुसरं वर्ष इकडेतिकडे. बारा वर्षांच्या पोराला तेहतीस हा आकडा भलामोठा वाटतो, त्यामुळे त्याला फारसं वाईट वाटलं नाही. फक्त तेव्हापासून त्याची घाई सुरू झाली.

शाळा संपताच तो एका उंच, बोलायला कंटाळणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानात काचा घासायला लागला आणि पुढे ते दुकानच त्याचं झालं. रस्त्यापासून तीन पायऱ्या वर, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला बाहेर जावं लागेल इतकं अरुंद. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांत बसवलेली दोनशे भिंगं. डोळे तपासायची ती जड गोल फ्रेम, जी नाकावर चढवली की भल्याभल्या माणसाचं घुबड होतं. मागच्या खोलीत घासायचं चाक आणि त्यावर पाण्याची बारीक धार.

गिऱ्हाइकाच्या नाकावर एकामागून एक भिंगं बदलत तो विचारायचा, "हे बरं, की हे? आणि आता हे, की मघाचं?" माणसं डोळ्यांच्या बाबतीत खोटं बोलतात हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं. रांगेत बसल्याबसल्या शेवटची ओळ पाठ करून ठेवतात. म्हणून त्याच्याकडे दुसरा तक्ता असे आणि तो शांतपणे पहिला तक्ता फिरवून टाकी. पाठांतरवाल्याचा चेहरा मग बघण्यासारखा होई.

त्याची बायको त्याला इथेच भेटली. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. दुकानात येऊन म्हणाली, "मला अनुस्वार दिसेनासे झालेत. परवा एका मोठ्या माणसाच्या 'अंत'चा 'अत' होऊन बसला." चष्मा पहिल्या खेपेलाच उत्तम बसला होता. तरी ती तो सैल होतो म्हणून दुसऱ्यांदा आली आणि घट्ट होतो म्हणून तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी काहीच कारण सुचलं नाही तेव्हा ती नुसतीच उभी राहिली. चष्मेवाल्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"स्पष्टच सांगतो," तो म्हणाला. "आमच्या घरात पुरुष पंचेचाळिशी बघत नाहीत. तुमच्या वाट्याला फार तर वीस वर्षं येतील."

"आमच्या घरात सगळे नव्वदी गाठतात," ती म्हणाली, "आणि शेवटच्या दिवसापर्यंत एकमेकांशी भांडतात. वीस वर्षं पुष्कळ झाली. तेवढी तरी शांततेत जातील."

ती शांततेत गेली नाहीत, पण मजेत गेली. मुलगी झाली. एका जागी ठरत नसे म्हणून, आणि भिंगांच्या घरातली म्हणूनही, तिचं नाव 'भिंगरी' पडलं. बाप तिला सगळं वेळेआधी शिकवायचा. सातव्या वर्षी तिला फ्यूज बदलता येत होता, नवव्या वर्षी सायकलची चेन बसवता येत होती. "अहो, तिला थोडं लहान राहू द्या की," बायको म्हणायची. तो म्हणायचा, "लहानपण तिचं आहे गं, वेळ माझा कमी आहे."

त्यानं एक वहीही लिहायला घेतली होती. 'मी गेल्यानंतर' असं वर लिहून खाली सूचना: पाण्याच्या टाकीचा नळ उलटा फिरतो, मागच्या दाराची कडी आधी वर उचलावी, मग ओढावी, खिडकीची फळी पावसाळ्यात फुगते, तेव्हा तिच्याशी वाद घालू नये. बायकोनं ती वही लाल शाईनं तपासून परत दिली. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते, दोन वाक्यं उलटसुलट केली होती आणि शीर्षकावर काट मारून समासात लिहिलं होतं, 'मजकूर अपुरा. छपाईस देऊ नये.'

पंचेचाळिसावा वाढदिवस आला. त्या दिवशी तो घासूनपुसून तयार झाला, नवा शर्ट घातला, दुकानात जाऊन बसला आणि वाट पाहू लागला. सात गिऱ्हाइकं आली. संध्याकाळी दुकान बंद करून तो घरी आला. दुसरा दिवस उजाडला. तिसराही. आठवडा गेला तेव्हा तो बायकोला म्हणाला, "आता काय करायचं?" विमानतळावर पोचवायला आलेली माणसं निघून जावीत आणि विमान मात्र रद्द व्हावं, तसा त्याचा चेहरा झाला होता.

"आता पुढच्या खोलीला रंग द्यायचा," बायको म्हणाली. "पाच वर्षं 'मी राहिलो तर देऊ' म्हणताय. राहिलात."

रंग देताना त्याला पहिल्यांदा कळलं की शिडीच्या चौथ्या पायरीवर श्वास पुरत नाही. नंतर दुकानाच्या तीन पायऱ्याही जाणवायला लागल्या. कधी छातीत मासा उलटल्यासारखं होई. एकदा वरच्या फळीवरचा डबा काढताना डोळ्यांपुढे काळोख आला आणि शुद्धीवर आला तेव्हा तो जमिनीवर बसलेला होता. त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. घोडामैदान जवळ आलं, एवढंच मनाशी म्हटलं. दिवसभर जगाला 'तपासून घ्या, अंगावर काढू नका' म्हणणारा हा माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग एक दिवस एक डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. पन्नाशीच्या, तुरुतुरु चालणाऱ्या. चष्मा नको होता, नुसतं ऊन लागू नये म्हणून काळा चष्मा हवा होता. पण खिशातली चिठ्ठी वाचताना त्यांनी हात पुढे पुढे नेला, तसा चष्मेवाला म्हणाला, "डॉक्टरीणबाई, असंच चाललं तर एक दिवस हात संपेल."

"मला काही झालेलं नाही. इथे उजेड कमी आहे."

"उजेड आहे तेवढाच आहे. बसा."

त्या कुरकुरत बसल्या. घुबडाची फ्रेम चढली. हे बरं की हे, ते की मघाचं, असं करत पाचव्या भिंगाला त्या एकदम आपल्याच हाताची नखं बघायला लागल्या. फ्रेम दाखवायला म्हणून चष्मेवाला वरच्या फळीकडे वळला, दोन खोकी उतरवली आणि तिसरं अर्ध्यात असताना त्यानं टेबलाची कड पकडली. पाचच क्षण. पण या बाई हृदयाच्या डॉक्टर होत्या.

"हे केव्हापासून?"

"काही नाही हो. आमच्या घराण्याची रीत आहे." आणि त्यानं हसत हसत आजोबांचा खड्डा, वडिलांचं कपाट, काकांची बस हे सगळं सांगून टाकलं. वर्षानुवर्षं सांगून तो किस्सा चांगलाच घोटला गेला होता, लोक हसायचेही. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"मी मुकाट्यानं तुमच्या खुर्चीवर बसले," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही माझ्या खुर्चीवर बसायचं. उद्या सकाळी दहाला. बायकोला घेऊन या, कारण तुम्ही एकटे याल असं मला वाटत नाही."

त्याच्या छातीवर थंडगार जेल लावून पडद्यावर त्याचं हृदय दाखवलं गेलं. करड्या, फडफडत्या, धूसर आकृतीकडे तो आडवा पडून बघत राहिला. डॉक्टरीणबाईंनी दोन कप्प्यांमधल्या भिंतीवर बोट ठेवलं. हा स्नायू जितका असायला हवा त्याच्या दुप्पट जाड झालाय, त्या म्हणाल्या. जाड झाला म्हणजे बळकट झाला असं नाही. तो ताठ होतो, नीट सैल होत नाही, त्यामुळे हृदय पुरतं भरत नाही. आणि मधूनच त्याची लय बिघडते. फारच बिघडली तर माणूस उभ्या उभ्या जातो. हळूहळू वाढत जाणारा आजार आहे. बरा होत नाही, सांभाळता येतो. आणि तो घराण्यातून येतो. आई किंवा वडील, कुणा एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो यायची शक्यता निम्मीनिम्मी.

"म्हणजे माझे वडील..." तो म्हणाला.

"आता खात्री कशी देणार? पण बहुतेक हेच."

बायको त्याच्याकडे बघत होती. तो घाबरेल, खचेल असं तिला वाटलं होतं. त्यानं शर्टाची बटणं लावली, एक चुकीच्या घरात घातलं आणि म्हणाला, "आईकडे जायला हवं."

त्याची आई सत्याहत्तर वर्षांची होती आणि दोन रस्ते सोडून एका खोलीत एकटीच, आपल्या मर्जीनं राहत होती. ती खिडकीशी बसून विणकाम करत असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवत असे. कडक बाई. पण नवऱ्याचा विषय निघाला की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. घरातल्या सगळ्यांना त्याचं कारण माहीत होतं आणि कुणीही ते उच्चारत नव्हतं. तो गेला त्या सकाळी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यानं रागानं कपाट हलवायला घेतलं होतं. 'एवढा जोर आहे तर ते कपाट सरकव, सहा महिने सांगतेय,' हे तिचे शेवटचे शब्द होते.

चष्मेवाला तिच्यासमोर स्टुलावर बसला. त्यानं सगळं सांगितलं: जाड भिंत, लय, घराणं. सांगताना त्यानं तिचा हात हातात घेतला होता. ही गोष्ट त्यांच्या घरात कुणी करत नसे.

"आई, बाबा तुझ्यामुळे नाही गेले. कपाटामुळेही नाही. ते आधीपासूनच त्यांच्या छातीत होतं, आजोबांकडून आलेलं. त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या कुठल्या दिवशी ते गेलेच असते."

म्हातारीनं विणकाम थांबवलं. सुया मांडीवर पडून राहिल्या. खाली रस्त्यावर कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं. मग ती म्हणाली, "म्हणजे भांडणाचा काही संबंध नव्हता?"

"नाही."

"चौतीस वर्षं." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. आणि मग एकदम त्याच्याकडे वळून, डोळे पुसत, खणखणीत आवाजात, "मग त्या दिवशी मी जे बोलले ते सगळं बरोबरच होतं. मोजे कुठेही टाकायचा तुझा बाप. एक इथे, एक तिथे!"

त्यानंतर ती जी बोलायला लागली ती थांबेचना. नवऱ्याच्या मोज्यांपासून त्याच्या शीळ घालण्यापर्यंत, पहिल्या भेटीत त्यानं चुकून दुसऱ्याच मुलीच्या हातात कशी फुलं दिली होती इथपर्यंत. चष्मेवाल्याला वडील शीळ घालत हे माहीतच नव्हतं. तो संध्याकाळपर्यंत तिथे बसला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "आज मला आजार मिळाला आणि बाप मिळाला."

त्याच्या छातीत डाव्या बाजूला कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. लय बिघडली तर ते आतून झटका देऊन ती ठिकाणावर आणतं. बायकोनं त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "छान. या वयात सवत आणलीत. आणि तीही रात्रंदिवस छातीशी." घरात त्या यंत्राचं नाव सवतच पडलं. 'सवतीची तपासणी कधी आहे?' असं भिंगरी फोनवर मोठ्यानं विचारायची आणि बसमधले लोक वळून बघायचे.

आता घरातल्या बाकीच्यांच्या तपासण्या. चष्मेवाल्याची ताई आधी तयार नव्हती. "आपल्याकडे बायकांना काही होत नाही," हे तिचं म्हणणं. चष्मेवाल्यानं तिला दुकानात बोलावलं, चष्म्याचा नंबर बघतो म्हणून खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर फ्रेम चढवली आणि दोन्ही बाजूंना काळ्या चकत्या घातल्या. "काय दिसतंय?" "काही नाही." "मग झालं तर. न बघता 'काही नाही' म्हणणं असंच असतं." ताईनं त्याला चार शिव्या घातल्या आणि तपासणीला गेली. ती निर्दोष निघाली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

भिंगरीचा मात्र पडला नाही. ती तेव्हा वीस वर्षांची होती आणि अग्निशमन दलाच्या भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे धावायची, पाठीवर वाळूची पिशवी घेऊन जिने चढायची. रक्त तपासलं, इको झाला. तिच्यात तो दोष होता आणि भिंत नुकतीच जाडावू लागली होती. त्रास काही नव्हता. कदाचित पुढे वीस वर्षंही होणार नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण शिडीवर ओझं घेऊन चढायचं, धुरात शिरायचं, हे काम नको.

त्या संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला ती आली. चष्मेवाला काचा पुसत होता, एकच काच पुन्हा पुन्हा.

"मी दिलं तुला हे," तो म्हणाला. "मला माहीत असतं तर..."

"तर काय? मला जन्माला घातलं नसतंत?"

तो पुन्हा तीच काच पुसायला लागला.

"बाबा, हे नाकही तुम्हीच दिलंय मला. त्याची माफी आधी मागा, ते रोज आरशात दिसतं."

तो हसला, तीही हसली. पण ते हसणं खरं नव्हतं, दोघांनाही माहीत होतं. पुढचे सहा महिने भिंगरी घरात कुणाशी धड बोलली नाही. धावायचे बूट तिनं कपाटावर फेकले. आईशी उगाच भांडली, बापाशी भांडली नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं. एकदा तो तिला म्हणालाही, "अगं, माझ्यावर ओरड तरी." ती म्हणाली, "तुमच्यावर ओरडायची भीती वाटते मला." तेव्हा त्याला आपल्या आईची चौतीस वर्षं आठवली. तो उठून भिंगरीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "ऐक. ओरडण्यानं काही होत नाही. आजीला विचार. डॉक्टरीणबाईंना विचार. आणि झालंच तर सवत आहे. चल, ओरड."

भिंगरी ओरडली. चांगली पाव तास ओरडली. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. मग ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि त्याला वाटलं, निदान ही तरी मनात ठेवून बसणार नाही.

पुढे ती अग्निशमन दलातच गेली, पण नियंत्रण कक्षात. लोकांचे घाबरेघुबरे फोन घेते, पत्ता नीट काढून घेते, गाडी पोचेपर्यंत माणसाला बोलतं ठेवते. तिथल्या साहेबांच्या मते तिच्यासारखा शांत आवाज दुसऱ्या कुणाचा नाही. पण गाडी बाहेर पडताना घंटा वाजते तेव्हा अजूनही मान आपसूक खिडकीकडे वळते, असं ती सांगते. हे दुःख संपलं असं कुणी म्हणू नये. तिनं त्याच्यासोबत राहायला शिकून घेतलं, एवढंच.

सवतीनं आपला हिसका दाखवला तो पाचव्या वर्षी. चष्मेवाला एका निवृत्त न्यायाधीशांच्या फ्रेमचा स्क्रू बसवत होता. एकदम डोकं हलकं झालं आणि पुढच्या क्षणी घोड्यानं छातीत लाथ मारावी तसा तडाखा बसला. तो खुर्चीसकट भिंतीवर आदळला. स्क्रू कुठल्या कुठे उडाला. न्यायाधीश चष्म्याशिवाय चाचपडत विचारत होते, "काय झालं? काय पडलं?"

"मीच पडलो," चष्मेवाला म्हणाला. "पण उठतोय."

त्या क्षणापुरता तो असा बोलला खरा, पण नंतर त्याची गाळण उडाली. जो माणूस तेहतीस वर्षं मरणाची वाट बघत हसत होता, तो आता नळ सोडतानाही छातीवर हात ठेवायला लागला. पुन्हा लाथ बसेल म्हणून जिना उतरेना, अंघोळीला दार लावून घेईना. मरणाची भीती त्याला कधीच वाटली नव्हती. मरणातून वाचण्याची मात्र अशी भीती वाटेल हे त्याला माहीत नव्हतं. तीन आठवडे दुकान बंद राहिलं.

बायकोनं समजूत घातली नाही. ती छापखान्यातून प्रुफांचा गठ्ठा घरी घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवला. "मी मोठ्यानं वाचते, तुम्ही मूळ प्रतीवर बोट ठेवून बघा, काही सुटतंय का. कोंबड्या पाळण्यावरचं पुस्तक आहे." रोज सकाळी दोन तास तो कोंबड्या बघू लागला. खाद्य, खुराडं, पिसांचे रोग. चौथ्या दिवशी त्यानं एक सुटलेलं वाक्य पकडलं आणि लहान मुलासारखा खूश झाला. नवव्या दिवशी म्हणाला, "या लेखकाला कोंबड्यांबद्दल काही कळत नाही." तेराव्या दिवशी तिनं त्याचा शर्ट काढून ठेवला आणि म्हणाली, "न्यायाधीशांनी तीनदा निरोप धाडलाय. त्यांना बायको आणि कपाट यांतला फरक कळेनासा झालाय." ती त्याच्यासोबत दुकानापर्यंत गेली. पायऱ्यांपाशी तो थांबला. तिनं घाई केली नाही. पाच मिनिटांनी तो चढला.

आजार आपल्या चालीनं वाढत गेला. साठी जवळ आली तसं घासायच्या चाकाचं काम त्यानं दुसऱ्याकडे दिलं. मीठ कमी झालं, पाणी मोजून आलं, रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहणं आलं. घोटे सुजले की डॉक्टरीणबाईंना फोन. घरापासून दुकानापर्यंत त्याचे तीन थांबे ठरले होते: चांभाराची टपरी, धोब्याचं दुकान आणि बंद पडलेल्या कारंज्याचा कठडा. प्रत्येक थांब्यावर तो दम खाई, पण लोकांना वाटे गप्पा मारायला थांबलाय. चांभार मात्र ओळखून होता. तो याला बघितला की न बोलता स्टूल पुढे सरकवी आणि आपलं ठोकणं चालू ठेवी.

आई त्याआधीच, एक्क्याऐंशीव्या वर्षी, झोपेत गेली होती. शेवटच्या चार वर्षांत ती नवऱ्याबद्दल इतकं बोलली की नातवंडांना आजोबा भेटून गेल्यासारखे वाटत.

एकदा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुसऱ्याचं हृदय बसवायचा विचार केलात का? यादीत नाव घालू." घरी खूप चर्चा झाली. भिंगरी हो म्हणत होती, ताई नको म्हणत होती. चष्मेवाल्यानं आठवडाभर विचार केला. मग म्हणाला, नाव घाला. "आधी मला वाटायचं, जे आलंय ते संपवून जावं. पण आता चटक लागलीय." पुढच्या तपासण्यांत मूत्रपिंडं थकलेली निघाली आणि नाव काही यादीत चढलं नाही. ते ऐकून तो जरा वेळ खिन्न बसला. "चष्म्याचा नंबर वाढला की काच बदलता येते," तो म्हणाला. "इथे नाही येत. ठीक आहे."

आज तो त्रेसष्ट वर्षांचा आहे. गेल्या वर्षी तीन थांब्यांचे सहा झाले, मग चालणंच जमेना, तेव्हा दुकान घरात आलं. पुढच्या खोलीत एक मोठं टेबल, दोनशे भिंगांची पेटी, घुबडाची फ्रेम आणि एक आरामखुर्ची. सकाळी दोन तास गिऱ्हाईक, मग झोप. भिंगरी आठवड्यातून दोनदा येते, त्याच्या गोळ्या डबीत भरते आणि आपली डबी त्याच्या शेजारी ठेवते. दोघं एकाच वेळी, एकाच पाण्यानं घेतात. तिलाही आता दोन गोळ्या सुरू झाल्या आहेत.

त्याच मोठ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बायको प्रुफं तपासते. टेबलावरच्या दिव्यावरून दोघांचं रोज वाजतं. तिला तो प्रुफांवर हवा असतो, त्याला फ्रेमवर. "तुमच्या घरात म्हणे शेवटपर्यंत भांडतात," तो म्हणतो. "हो, आणि नव्वदीपर्यंत," ती म्हणते, "तेव्हा दिवा इकडे."

अडचण एकच झाली. तक्ता वाचायला जितकं अंतर लागतं तितकी लांब ती खोली नाही. म्हणून तक्ता स्वयंपाकघराच्या पलीकडच्या भिंतीवर लावला आहे आणि गिऱ्हाईक दोन दारांतून आरपार बघतं. त्यामुळे डोळे तपासणं चालू असलं की स्वयंपाकघरातून कुणाला बाहेर पडता येत नाही. काल समोरच्या आजी आल्या होत्या. फार सावकाश वाचतात. बायको चहाचे दोन पेले हातात घेऊन दाराआड उभी होती.

"अहो, चहा निवतोय."

"शेवटची ओळ राहिलीय," चष्मेवाला भिंग बदलत म्हणाला. "सावकाश वाचा आजी. घाई नाही. हे बरं, की मघाचं?"